वेझरकाठी लागलेला वार

पुण्याहून औंधकडे जाताना ब्रेमेन चौक लागतो. रोज हजारो पुणेकर त्याला वळसा घालून जातात. पण हे ब्रेमेन म्हणजे खायचे की ल्यायचे, याची चौकशी करण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. ब्रेमेन हे उत्तर जर्मनीतले, वेझर नदीकाठचे जुने व्यापारी शहर. पुण्याशी त्याची मैत्री कित्येक वर्षांची आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात अध्यापकांच्या देवघेवीच्या निमित्ताने तिथे तीन महिने राहण्याचा योग मला आला.

सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला हे शहर परके वाटत नाही. तिथे ‘श्नूर’ नावाचा एक जुना भाग आहे. श्नूर म्हणजे दोरी. पंधराव्या-सोळाव्या शतकांपासूनची बुटकी घरे दोरीत ओवल्यासारखी एकमेकांना चिकटून उभी आहेत, आणि मधले बोळ असे की समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरावे. घराघरांवर सूचनांच्या पाट्याही आहेत. कित्येक इमारतींच्या नियमावलीत तर दुपारी एक ते तीन आवाज करू नये असे कलम असते! ते वाचले आणि माझा ऊर भरून आला. दुपारच्या झोपेवरून आमची पेठ उगाच बदनाम झाली, हे त्या दिवशी पटले.

तिथल्या मंडळींनी माझ्यासाठी एक यजमान कुटुंब नेमून दिले होते. दर रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचे, असा परिपाठ. दुसऱ्याच रविवारी ट्राममध्ये बसल्या बसल्या माझ्या मनात आले, की अरे, हा तर वार लागला!

वार लावून जेवणे म्हणजे काय, हे आजच्या मुलांना सांगावे लागते. गरीब विद्यार्थ्याने सात घरे धरायची आणि आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचे. सदाशिव पेठेने अशी किती मुले पोसली याची गणती नाही. १९०९ साली निघालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुले याच पेठांतून माधुकरी मागत हिंडली. माझे आजोबा १९३४ मध्ये राजापूरकडून शिकायला आले, ते असेच वारांवर वाढले. सोमवार नागनाथ पाराजवळ, मंगळवार खुन्या मुरलीधराच्या बोळात, आणि गुरुवार उपाशी विठोबापाशी. “नाव उपाशी, पण जेवण तिथलंच पोटभर,” असे ते सांगत.

त्या गुरुवारच्या घरचीच एक गोष्ट ते फार क्वचित काढत. नोकरीचा पहिला पगार झाला तेव्हा ते श्रीखंडाचे पातेले घेऊन त्या काकूंकडे गेले. काकूंनी कौतुकाने पाठीवरून हात फिरवला, ताट वाढले, आणि निघताना पातेले जसेच्या तसे परत हातात दिले. वर चार लाडू. म्हणाल्या, “तू घरचाच रे. घरच्यानं कधी काही आणायचं असतं का?” आजोबा म्हणत, “घरचा म्हणाल्या खऱ्या. पण घरच्यानं आणलेलं कुणी परत करतं का?” बाई मायाळू होत्या यात संशय नाही. पण त्यांच्या दारात घेणारा हा कायम घेणाराच राहिला.

जर्मनीत याच्या अगदी उलट. जून महिन्यात यजमानांच्या मुलाला तीस वर्षे पुरी होत होती. ब्रेमेनची रीत अशी, की तिसाव्या वाढदिवसापर्यंत लग्न न झालेल्या मुलाने कॅथीड्रलच्या पायऱ्या झाडायच्या. मित्रमंडळी त्यावर बाटल्यांची झाकणे ओततात, आणि एखादी कुमारिका चुंबन देईपर्यंत सुटका नाही. हा सोहळा उरकून संध्याकाळी घरी मेजवानी होती. आठवडाभर आधी यजमानीणबाईंनी मला सरळ विचारले, “तुम्ही काय आणणार?” सदाशिव पेठेत पाहुण्याला असे विचारले तर तीन पिढ्या बोलणे बंद होईल! पण तिथे यादीच असते. कुणी बटाट्याचे सॅलड, कुणी केक, कुणी पाव, आणि सहाजणांनी एकच पदार्थ आणू नये म्हणून प्रत्येकाच्या नावापुढे टिपण. त्या यादीत मी देवनागरीत लिहिले: श्रीखंड.

परदेशात श्रीखंड करावे तर ते जर्मनीतच. तिथे क्वार्क नावाचा पदार्थ दुकानोदुकानी अर्ध्या अर्ध्या किलोच्या डब्यांत मिळतो. तो म्हणजे विरजलेल्या दुधातले पाणी काढून केलेला चक्काच. आपल्यापेक्षा थोडा पातळ आणि कमी आंबट. गंमत म्हणजे जर्मन भाषेत ‘क्वार्क’ म्हणजे ‘मूर्खपणाची बडबड’ असाही अर्थ होतो, आणि आमच्या संस्कृतात ‘श्रीखंड’ म्हणजे चंदन. एकाच चक्क्याच्या नशिबी किती वेगवेगळी नावे! मी चार डबे आणले, फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगले, साखर कालवली आणि पुरणयंत्राअभावी पिठाच्या चाळणीतून घासून काढले. केशर-वेलदोडा पुण्याहून नेलेला होताच. जायफळ मात्र तिथलेच; ती माणसे ते बटाट्याच्या लगद्यात घालतात.

मेजावर माझ्या वाडग्यापुढे नावाची चिठ्ठी लागली. एकाने श्रीखंड चक्क पावाला फासले, दुसरीने त्यात स्ट्रॉबेऱ्या बुडवल्या. यजमानांच्या पंच्याऐंशी वर्षांच्या आईने वाडग्याजवळ नाक नेले आणि म्हणाली, “नाताळ!” वेलदोड्याचा वास त्यांना नाताळच्या बिस्किटांमुळे ठाऊक. मग चमचाभर खाऊन थबकली. “हा क्वार्क आहे?”

मुलगा दुभाषा झाला. आजीबाई सांगू लागल्या. १९४६-४७ चा हिवाळा, त्यांचे वय आठ. क्वार्क मिळाला तर तो उकडलेल्या बटाट्याबरोबर खायचा. पुष्कळदा नुसता बटाटाच. अमेरिकेहून आलेली ‘केअर’ची अन्नाची पुडकी १९४६ मध्ये पहिल्याने ब्रेमेनलाच उतरली होती. त्यांच्या घरी एक आले. दुधाची भुकटी, चॉकोलेट. पाठवणारी कुणी अनोळखी बाई. “तिला काही खाऊ घालायचं राहूनच गेलं,” आजीबाई म्हणाल्या.

मी त्यांना आजोबांची आणि गुरुवारच्या काकूंची गोष्ट सांगितली. त्यांनी ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाल्या, “त्या बाईंनी ते ठेवून घ्यायला हवं होतं.” मग वाडग्यात उरलेले श्रीखंड एका डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, त्यांनी तो आपल्या पिशवीत घातला.

आज सदाशिव पेठेतले वाडे बहुतेक गेले. त्या जागी आलेल्या इमारतींत आणि अभ्यासिकांत मराठवाड्या-विदर्भातली मुले-मुली स्पर्धा परीक्षांची पुस्तके उशाशी घेऊन राहतात. वार लावणे बंद झाले. ती खाणावळीत पैसे मोजून जेवतात. त्यांच्या जेवणात मिंधेपणा नाही, तशी ओळखही नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या तीन मुली त्या वर्षी परीक्षेमुळे दिवाळीला गावी गेल्या नाहीत. पाडव्याला त्यांना जेवायला बोलावताना मी विचारले, “येताना काय आणाल?” पत्नीने माझ्याकडे असे पाहिले, की पुणेरी पाटीसुद्धा शरमावी. मुली मात्र खुलल्या. त्यातली एक लातूरकडची. तिने आमच्याच गॅसवर धपाटे लावले आणि दुसरीने गावाहून आलेली शेंगदाण्याची चटणी डब्यासकट मेजावर ठेवली. तो डबा आम्ही महिनाभर वापरला.