देवघेव

नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० सालीं स्थापन झालें. आमच्या घराण्याचा ठाऊक असलेला इतिहास तितका मागें जात नाहीं. वडील तेथील वर्गणीदार होते आणि पुस्तक बदलून आणण्याची कामगिरी माझ्याकडे असे. देवघेवीच्या टेबलापुढें ताटकळण्याचा मला मनस्वी कंटाळा. हवें तें पुस्तक समोर दिसत असतांना तें उचलून सरळ चालूं कां लागूं नये, नोंद होईपर्यंत कां थांबावें, हें कोडें त्या वयांत सुटलें नाहीं. तें सुटलें चाळिशी उलटल्यावर, आणि तेंहि एका निरपराध माणसावर दोन दिवस चोरीचा आळ राहिल्यानंतर.

मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितों. कांदा खरेदी करणाऱ्या एका पेढीला मीं हिशेबाचा प्रोग्रॅम जावा भाषेंत करून दिला होता. हंगामांत तेथें सातआठ खिडक्यांवर एकदम काम चाले. अशा वेळीं प्रोग्रॅमच्या पोटांत अनेक थ्रेड, म्हणजे कामाच्या स्वतंत्र धारा, एकमेकींशेजारीं वाहत असतात. प्रत्येकीला हिशेबाच्या साठ्याशीं बोलण्यासाठीं एक कनेक्शन लागतें. तें नव्यानें उघडण्यांत वेळ जातो, आणि साठा तीं देतोहि मोजकींच. म्हणून कांहीं कनेक्शनें आधींच उघडून ठेवावयाचीं. लागेल त्यानें एक घ्यावें, काम संपतांच परत करावें. या सामायिक संचाला पूल म्हणतात. वाचनालयच म्हणा ना!

माझा पूल तीन ओळींचा होता. यादींत कांहीं शिल्लक आहे का पाहावें. शेवटचें कनेक्शन घ्यावें. तें यादींतून खोडावें. माझ्या टेबलावर तो एकदांहि चुकला नाहीं, कारण तेथें वाचक एकच होता. पेढीवर मात्र एका धारेनें कनेक्शन घेतलें आणि तें खोडण्यापूर्वींच दुसरीनेंहि तेंच घेतलें. एक प्रत, दोन वाचक! पहिलीनें एका शेतकऱ्याला रोख दिल्याची नोंद लिहिली. तेवढ्यांत दुसरीला स्वतःच्या कामांत चूक आढळली व तिनें 'सर्व रद्द' असा हुकूम सोडला. साठ्याच्या दृष्टीनें कनेक्शन एक म्हणजे व्यवहार एक; दोघींचेंहि लिहिलेलें पुसलें गेलें. पहिलीला याची गंधवार्ताहि नव्हती. तिनें पावती छापली. शेतकरी पैसे आणि पावती घेऊन गांवीं गेला, आणि संध्याकाळीं गल्ला तेवढ्या रकमेनें कमी भरला.

खिडकीवर एक तरुण कारकून होता. मालकांनीं मला फोनवर विचारलें, "प्रोग्रॅम चुकूं शकतो का?" मीं क्षणभरहि विचार न करतां उत्तर दिलें, "यंत्र चुकत नाहीं." तिसऱ्या दिवशीं तो शेतकरी पुढची खेप घेऊन आला. पावती त्याच्या खिशांत होती.

मग मीं पुलाला कुलूप लावलें. जावामध्यें तशी सोय भाषेंतच आहे: एका वेळीं एकच धारा आंत, बाकीच्या दाराबाहेर. आतां पन्नास धारा सोडून पाहिलें, तों सारेंच ठप्प! पूल रिकामा असतांना आंत शिरलेली धारा कुलूप अडवून वाट पाहत होती, आणि जी कनेक्शन परत करावयास आली होती ती दाराबाहेर उभी होती. एखादा वाचक 'पुस्तक मिळाल्यावांचून टेबलापुढून हलणार नाहीं' म्हणून अडून बसावा आणि तेंच पुस्तक काखेंत घेतलेला गृहस्थ रांगेंत त्याच्या मागें असावा, तशांतला प्रकार. वाट पाहावयाची तर कुलूप सोडून, बाजूस होऊन पाहावयास हवी. आणि हांक आली म्हणून पुस्तक आपलेंच असें न समजतां पुन्हा यादी पाहावयास हवी, कारण मधल्या मध्यें तिसराच तें घेऊन गेलेला असतो. काम फसलें तरी कनेक्शन परत झालें पाहिजे, ही तजवीजहि तेव्हांच केली. नाहींतर न परतलेल्या पुस्तकांप्रमाणें संच हळूहळू आटत जातो.

यांत नवें असें कांहींच नव्हतें, हें कबूल करणें भाग आहे. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञानें १९६५ च्या आपल्या निबंधांत सेमाफोर नांवाच्या युक्तीची मांडणी केली होती. शब्द रेल्वेच्या सिग्नलावरचा. जितकीं कनेक्शनें तितके परवाने, आणि परवाना हातांत नसेल त्यानें थांबावें. जावामध्यें ही युक्ति २००४ पासून तयार मिळते. मीं ती घेतली नाहीं, कारण तीन ओळींचें काम कोणीहि करील असें मला वाटलें होतें.

मी पेढीवर गेलों. तो कारकून अजून त्याच खिडकीवर होता. झाला प्रकार मीं त्याला सविस्तर सांगूं लागलों. धारा, कुलूप, सर्व कांहीं. त्यानें मध्येंच थांबवून विचारलें, "साहेब, म्हणजे त्या दिवशीं माझी मोजणी बरोबर होती ना?"

"होती."

"मग तेवढें मालकांना लिहून द्या."

त्यानें खिडकीतून एक कोरा कागद पुढें केला. मागें रांग वाढत होती. मीं बाजूला होऊन भिंतीशीं टेकलों आणि लिहूं लागलों.