मद्रासी नेमके कोण? सोलापूरचा डोसा, तमिळ चित्रपट आणि आमची अव्वा

आजचा धागा थोडा घरचा आहे. (विणकराच्या घरात जन्मल्यामुळे 'धागा' हा शब्द या अर्थाने वापरताना मला अजूनही हसू येते.) सनावळी नेहमीप्रमाणे आहेच, पण ताम्रपट आणि शिलालेखांच्या जागी या वेळी एक उडुपी हॉटेल, चार-दोन तमिळ चित्रपट आणि माझी आजी आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे घर. पद्मशाली समाजातील असंख्य कुटुंबांप्रमाणे माझे पणजोबाही करीमनगरकडून मागाच्या कामासाठी इथे आले. सोलापुरात पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. तिला पुढे सगळे गाव 'जुनी मिल' म्हणू लागले. गिरण्या आणि हातमाग या दोहोंच्या आधाराने तेलंगणातील विणकरांची वस्ती इथे वाढत गेली. त्यामुळे आमच्या घरात तेलुगू, शाळेत मराठी, आणि अक्कलकोट वेशीकडे गेले की कानावर कन्नड. आजीला आम्ही अव्वा म्हणतो.

शाळेत माझे टोपणनाव 'मद्रासी' होते. त्यात द्वेष नव्हता, हे आज मान्य करतो. बारा वर्षांच्या मुलाला मात्र ते कळत नाही.

एके रविवारी वडिलांनी आम्हा सर्वांना उडुपी हॉटेलात नेले. शेजारच्याच टेबलावर माझा एक वर्गमित्र आईवडिलांसह बसलेला. अव्वाने वाढप्या पोराकडे पाहून मोठ्या आवाजात पाणी मागितले, "नीळ्ळु!" शेजारच्या टेबलावर हसू फुटले. मी अव्वाच्या कानाशी लागून म्हणालो, "मराठीत बोल ना, अव्वा. लोक बघतात." ती काही बोलली नाही. त्यानंतर हॉटेलात गेल्यावर ती कुणाकडे काहीच मागेनाशी झाली. हवे ते वडिलांना सांगायची, तेही हळू आवाजात.

त्या दिवशी मी एक गोष्ट पाहूनही पाहिली नव्हती. पाणी आले होते. तो वाढपी कुंदापूरकडचा. त्याच्या कन्नडमध्ये पाण्याला 'नीरु'. त्याला अव्वाचे बोलणे पहिल्याच फटक्यात समजले होते. न समजलेले आम्ही दोघे, मी आणि माझा वर्गमित्र.

आता 'मद्रासी' या शब्दाकडे वळू. हा शब्द मद्रास इलाख्याचा. ब्रिटिशांचा हा इलाखा उत्तरेला गंजामपासून पश्चिमेला मलबारपर्यंत पसरलेला होता, आणि त्यात तमिळ, तेलुगू, मल्याळम, कन्नड, तुळू, ओडिया अशा अनेक भाषा बोलणारी माणसे होती. उत्तरेकडील लोकांनी त्या सर्वांवर एकच शिक्का मारला. सोलापूर मुंबई इलाख्यात. आणि करीमनगर? ते तर निजामाच्या हैदराबाद संस्थानात, १९४८ पर्यंत. म्हणजे माझे पणजोबा आयुष्यात एक दिवसही मद्रास इलाख्याचे रहिवासी नव्हते. उलट उडुपी ज्या दक्षिण कानडा जिल्ह्यात येते, तो १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत मद्रासकडेच होता. तेव्हा त्या हॉटेलात काटेकोर अर्थाने 'मद्रासी' कुणी असेलच, तर तो गल्ल्यावर बसलेल्या मालकाचा बाप! वर्गमित्राला हे सुनवायची फार इच्छा होती; पण हे कळेपर्यंत तो पुण्याला नोकरीला लागला होता.

डोसा 'त्यांचा' आणि भाकरी 'आपली', ही वाटणीही अशीच घाईची आहे. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की बसवकल्याण लागते. हेच कल्याणीच्या चालुक्यांचे राजधानीचे नगर. इथल्या राजाने, तिसऱ्या सोमेश्वराने, ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, शिकार कशी करावी, हत्ती कसे पारखावेत, अशा शंभर विषयांचा तो कोश आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात 'धोसक' आहे, 'इड्डरिका' आहे, वडे आहेत आणि आपले मांडेही आहेत. त्या वेळचा धोसक डाळीच्या पिठाचा, इड्डरिका उडदाची. तांदूळ आणि रात्रभर आंबवणे ही नंतरची भर. कन्नड 'वड्डाराधने'मध्ये 'इड्डलिगे' त्याहीपूर्वी, दहाव्या शतकात येते.

आणि याच 'मानसोल्लासा'त, संगीताच्या भागात, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात असा उल्लेख आहे. मराठी वाङ्मयाचा इतिहास लिहिणारे तो हमखास देतात. ओवी आणि डोसा एकाच पोथीत! हे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. आपण ओवीचा उल्लेख उचलून घेतला आणि डोशाचे पान दुसऱ्या कुणाचे म्हणून सोडून दिले. ज्या राजाच्या मुलखात सोलापूर होते, आणि ज्या शतकात सोलापूरचे सिद्धरामेश्वर कन्नडमध्ये वचने रचत होते, त्या काळाचे ते पान आहे.

आजचे उडुपी हॉटेल मात्र जुने नव्हे, विसाव्या शतकाचे अपत्य आहे. मद्रास शहरात 'वुडलँड्स' सुरू करणारे के. कृष्णराव दक्षिण कानड्याचेच; साल १९३८. मुंबईत माटुंग्याला रामा नायकांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चे. म्हणजे ज्याला आपण 'मद्रासी खाणे' म्हणतो, त्याची मद्रासमधली नामांकित दुकानेसुद्धा किनाऱ्यावरून आलेल्या माणसांनी थाटली. त्यामागे कृष्णमठाच्या पाकशाळेचा संस्कार: कांदा-लसूण नाही, नारळ सढळ, सांबारात गुळाचा खडा. 'इथले सांबार गोड आहे, खरे नाही', अशी तक्रार करणारे चेन्नईला चार वर्षे राहून आलेले मित्र मला भेटतात. त्यांना माझे सांगणे असे की ते सांबार खोटे नाही, उडुपीचे आहे. आवडू नये, हा तुमचा अधिकार; मलाही ते फारसे आवडत नाही.

माझे मत विचाराल तर सोलापुरातला डोसा सांबारापेक्षा शेंगा चटणीबरोबर चांगला लागतो. अव्वा पदराआड चटणीची डबी घेऊनच हॉटेलात यायची. डोशाला ती 'अट्टु' म्हणते, आणि हॉटेलातल्या सांबाराला 'औषध'. तिच्या घरी सांबार कधी शिजलेच नाही. आमच्याकडे पच्ची पुलुसु: चिंचेचे कच्चे, न उकळलेले पाणी, त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर, वर जिरे-मोहरीची फोडणी. उन्हाळ्यात भाताबरोबर यासारखे दुसरे काही नाही. पण हा पदार्थ सोलापुरातल्या कोणत्याही 'साउथ इंडियन' पाटीखाली मी पाहिलेला नाही. शहरातली सर्वांत मोठी दाक्षिणात्य वस्ती तेलंगणाची, आणि हॉटेलातला 'दक्षिण' मात्र उडुपीचा.

सांबाराचे नाव निघाले की एक गोष्ट फिरत येते: तंजावरच्या शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराजांसाठी आमसुलाऐवजी चिंच घालून आमटी केली, म्हणून ते 'सांबार'. गोष्ट गोड आहे; इतिहास म्हणून मी ती स्वीकारत नाही. तंजावरला मराठ्यांनी १६७५-७६ पासून १८५५ पर्यंत राज्य केले. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालय आहे, शहाजीराजांनी स्वतः रचलेली मराठी आणि तेलुगू नाटके आहेत. एवढे भक्कम भांडार असताना आपण वाटीभर आमटीसाठी का भांडतो? मराठी राजा तमिळ मुलखात बसून तेलुगूत नाटक लिहितो, ही गोष्ट मला त्या आमटीपेक्षा कितीतरी चविष्ट वाटते.

असेच आपण रजनीकांतचे करतो. शिवाजीराव गायकवाड, जन्म बेंगळुरूचा, १२ डिसेंबर १९५०, घरची भाषा मराठी. १९७५ मध्ये के. बालचंदर यांच्या 'अपूर्व रागंगल'मधून पडद्यावर. तेवढा 'आपला', आणि त्याने ज्या भाषेत आयुष्य काढले ती 'यंडुगुंडु'. हा न्याय मला कधी कळला नाही.

तमिळ चित्रपटांशी माझी ओळख झाली ती हिंदी आवाजांतून. 'हमसे है मुकाबला', 'हिंदुस्तानी', पुढे 'रोबोट'. नंतर तर दूरचित्रवाणीवर दिवसभर तमिळ, तेलुगू, कन्नड सारे एकाच कढईत तळून 'साउथची फिल्म' म्हणून वाढू लागले. माझे स्पष्ट मत आहे की भाषांतरित हिंदी आवाजाने तमिळ चित्रपटाची जेवढी हानी केली तेवढी कुणीच केली नाही. प्रत्येक नायक एकाच घोगऱ्या स्वरात धमक्या देतो आणि प्रत्येक विनोदी पात्र कर्कश ओरडते. कोण मदुराईचा, कोण चेन्नईच्या झोपडपट्टीतला, कोण कोणत्या जातीचा, हे सारे बोलण्याच्या लकबीतच असते, आणि तेच पुसले जाते.

मूळ आवाजात पहिला पाहिला तो 'नायकन', मणिरत्नम यांचा, १९८७ चा. मुंबईच्या तमिळ वस्तीची कथा, पण ती धारावी मद्रासच्या स्टुडिओत थोट्टा तरणी यांनी उभारलेली. त्यावरून निघालेला 'दयावान' मी आधी पाहिला होता; दोन्ही एकापाठोपाठ पाहणे हा एक धडाच आहे. कमल हासनचा वेलू बोलतो कमी आणि वाकतो जास्त. वयाबरोबर त्याची मान, त्याचे खांदे बदलत जातात. मग २०१८ चा 'परियेरुम पेरुमाळ' पाहिला. कायद्याचे शिक्षण घेणारा दलित मुलगा, काळी कुत्री, रेल्वेचे रूळ. मारी सेल्वराज तिरुनेलवेलीकडचे. पण मला सतत आठवत होता तो 'फँड्री', आमच्याच जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातील जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा. 'फँड्री'चा शेवट दगडाने होतो. परियनचा शेवट चहाच्या दोन पेल्यांवर. कोणता शेवट अधिक खरा, यावर माझी आणि मित्रांची दोनदा रात्र जागून झाली आहे. मी दगडाच्या बाजूचा.

तमिळ बोलपटाचा आरंभही आपण समजतो तितका दूर नाही. पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' मुंबईत तयार झाला, अर्देशीर इराणींच्या इंपीरियल कंपनीत, 'आलम आरा'साठी उभारलेल्या सेटचा उपयोग करून. दिग्दर्शक एच. एम. रेड्डी, प्रदर्शन ३१ ऑक्टोबर १९३१. नायिका टी. पी. राजलक्ष्मी तमिळ बोले, नायक तेलुगू बोले, आणि काही पात्रे हिंदी. कुणी कुणाला 'नीट आमच्या भाषेत बोल' म्हणत नव्हते! कथा महाकवीची, तरी त्यात गांधीजींच्या चरख्यावर एक गाणे होते. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. प्रदर्शनासाठी तो मद्रासला गेला. मुंबई-मद्रास लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला जोडला गेला, आणि तो सोलापूरवरूनच जातो. मागच्याच वर्षी ज्या शहरात मार्शल लॉ पुकारला गेला, आणि १९३१ च्या १२ जानेवारीला ज्याचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले, त्या शहराच्या स्थानकातून चरख्याच्या गाण्याची ती पेटी रात्री कधीतरी पुढे गेली असावी, अशी मी कल्पना करतो. हा पुरावा नव्हे, माझी हौस समजा.

एकदा असाच एक तमिळ चित्रपट पाहताना एका पात्राने पाणी मागितले. 'तण्णी.' पुस्तकी रूप 'तण्णीर'. मी चित्रपट थांबवला. तमिळ तण्णीर, कन्नड नीरु, अव्वाचे नीळ्ळु. आणि संस्कृतातून मराठी कवितेत आलेला 'नीर' हाही मुळात द्राविडी भाषांकडून घेतलेला, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे शेजारच्या टेबलावरचे लोक ज्या शब्दाला हसले, तो त्यांच्याही पाठ्यपुस्तकात होता.

मागच्या महिन्यात अव्वाला घेऊन त्याच हॉटेलात गेलो. मालकाची पुढची पिढी गल्ल्यावर आहे. कुंदापूरची मुले आता इकडे येत नाहीत. आमच्या टेबलाशी आलेला पोरगा सावळा, पंचविशीचा. अव्वा ऐंशीच्या पुढे गेली आहे. पथ्ये, लाज, सारे विसरते. तिने सरळ त्याच्याकडे पाहून म्हटले, "नीळ्ळु."

तो पाणी घेऊन आला आणि मोडक्या तेलुगूत तिला विचारू लागला, "अव्वा, आणखी काय आणू?" मी त्याला गाव विचारले. म्हणाला, ओडिशा, ब्रह्मपूरच्या बाजूला, गंजाम जिल्हा. घरी ओडिया, बाजारात तेलुगू. गंजाम १९३६ पर्यंत मद्रास इलाख्यात होते, हे मी त्याला सांगितले नाही. अव्वाने डबी उघडून त्याच्या तळहातावर चिमूटभर शेंगा चटणी ठेवली आणि आईवडील असतात कुठे, लग्न झाले का, माग चालवता येतो का, अशी त्याची चौकशी सुरू केली. तिकडे दुसरे टेबल त्याला हाका मारत होते.