उजेडाचा कीबोर्ड

पाऊस लागला की आमच्या मंगरूळपीरला लाइन जाते. गेल्या जूनमध्ये एका संध्याकाळी, मगरिबची नमाज पढून आल्यावर, मी ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलो होतो. समोर मोहल्ल्यातल्या एक खाला होत्या. मी शाळेत शिकवतो. संध्याकाळी कुणाचा फॉर्म भरायचा असेल तर भरून देतो. त्याचे पैसे घेत नाही, म्हणून लोक हक्काने येतात. खालांचा निराधार पेन्शनचा अर्ज होता. निम्मा भरून झाला आणि लाइन गेली. लॅपटॉपला बॅटरी होती, पडद्यावर उजेड होता, पण बटणं अंधारात. मी अंदाजाने बोटं मारत राहिलो.

आमच्याकडे बायकांच्या नावापुढे ‘बी’ लागते. इंग्रजीत त्याची दोनच अक्षरं, बी आणि आय. माझं बोट आयच्या शेजारी ओवर पडलं. पडद्यावर ते दिसत होतं, पण मी पाहिलं नाही, कारण मी सारा वेळ बटणं शोधत होतो. तीन आठवड्यांनी अर्ज परत आला. शेरा होता, नाव आधारशी जुळत नाही. खाला शेतात निंदणाला जातात. एका अक्षरापायी त्यांचे दोन दिवसांचे रोज बुडाले आणि एसटीचे भाडे गेले ते वेगळे. मला त्या काही बोलल्या नाहीत. “होते बेटा कभी कभी,” एवढंच म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच रात्री ठरवलं की बटणांमधून उजेड येणारा कीबोर्ड घ्यायचा. आणि घेतोच आहोत तर वायर नसलेला, आणि एकापेक्षा जास्त उपकरणांवर चालणारा. घरात तीन उपकरणं आहेत. लॅपटॉपवर मी फॉर्म आणि शाळेची कामं करतो. हे लेख फोनवर लिहितो, कारण लिहायची वेळ इशानंतरची, सगळे झोपल्यावरची, आणि तेव्हा लॅपटॉप उघडून बसायला जागा नसते. तिसरा टॅब मुलीचा, तिच्या अभ्यासाचा. तिघांना तीन कीबोर्ड घेणं परवडणारं नव्हतं.

एक कीबोर्ड घ्यायला मला दीड महिना लागला. या काळात जे कळलं ते इथे लिहितो, कारण माझ्यासारखे मराठी लिहिणारे बरेच वाचक आहेत आणि दुकानात हे कुणी सांगत नाही.

पहिली गोष्ट जोडणीची. वायर नसलेले कीबोर्ड दोन प्रकारचे. एकात नखाएवढी पिन येते, ती यूएसबीच्या खाचेत लावायची. ही जोडणी २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालते. पिन लॅपटॉपला सरळ लागते, पण फोनला लावायची तर मधे आणखी एक जोड लागतो. दुसरा प्रकार ब्लूटूथचा. याला पिन नको. बहुउपकरणी ब्लूटूथ कीबोर्ड दोन-तीन उपकरणं लक्षात ठेवतो आणि एक बटण दाबलं की एकावरून दुसऱ्यावर जातो. काहींमध्ये दोन्ही सोयी असतात. मला तीन जागांचा ब्लूटूथ हवा होता, हे लवकर पक्कं झालं.

दुसरी गोष्ट बॅटरीची, आणि इथे उजेडाची किंमत कळते. लॉजिटेकचा के-३८० हा साधा, लहान, तीन उपकरणांचा कीबोर्ड दोन बारक्या सेलवर दोन वर्षं चालतो असं कंपनी सांगते. त्यात दिवे नाहीत. त्याच कंपनीच्या एमएक्स कीजमध्ये दिवे आहेत. तो चार्ज करावा लागतो, आणि कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे दिवे लावून दहा दिवस, दिवे बंद ठेवून पाच महिने. दहा दिवस आणि पाच महिने! म्हणजे बॅटरी टाइप करण्यात नाही, उजेडात जाते. म्हणून चांगल्या कीबोर्डात हात काढला की दिवे आपोआप विझतात. एमएक्स कीजमध्ये तर हात जवळ आला की ते पुन्हा लागतात. तो मला फार आवडला, पण किंमत पाहिली आणि दुकानदाराला सलाम करून बाहेर आलो.

हे दुकान अकोल्याचं. कीबोर्ड ऑनलाइनही मिळतात, पण बोटांना बटण कसं लागतं हे फोटोत कळत नाही. अकोल्यात मी काउंटरवर वाकून, दोन्ही तळहातांचा आडोसा करून कीबोर्डात डोकावत होतो. दुकानातला मुलगा म्हणाला, “सर, काय हरवलं का?” मी म्हटलं, “अंधार पाहून राहिलो.” तो हसला, पण त्याने दुकानाच्या मागच्या खोलीतला दिवा बंद करून दिला. तिथे तिसरी गोष्ट कळली. दिव्याचे म्हणून विकले जाणारे सगळेच कीबोर्ड सारखे नसतात. स्वस्तातल्या काहींमध्ये उजेड बटणांच्या मधल्या फटीतून येतो. रंगीत झगमगाट होतो आणि अक्षर काळंच राहतं. अक्षर बटणात आरपार कोरलेलं असेल तरच त्यातून उजेड येतो. दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हा फरक दिसत नाही.

सुमारे साडेतीन हजारांत एक मिळाला. तीन जागा, आरपार अक्षरं, सी-टाइप चार्जिंग. घरी आणला आणि चौथी गोष्ट कळली, जी सर्वांत आधी सुचायला हवी होती.

उजेड इंग्रजी अक्षरांना होता. मराठीचं काय?

बाजारात देवनागरी अक्षरांचे स्टिकर मिळतात. माझ्या जुन्या कीबोर्डवर तेच लावलेले होते. ते नव्या कीबोर्डवर लावले आणि दिवा लावला, तर बटणं पुन्हा काळी. स्टिकरने उजेड अडवला होता. पारदर्शक स्टिकरही येतात, पण त्यात इंग्रजी आणि मराठी अक्षरं एकमेकांच्या शेजारी दाटीने बसतात आणि उजेड इंग्रजीतूनच येतो. ज्यासाठी एवढा खर्च केला ते अर्धंच साधलं होतं.

त्या रात्री थोडं वाचलं आणि एक साधी गोष्ट समजली. कीबोर्डला भाषा नसते. आपण बटण दाबतो तेव्हा कीबोर्ड अक्षर पाठवत नाही, त्या बटणाचा एक ठरलेला आकडा पाठवतो. त्या आकड्याचं अक्षर करणं हे पलीकडच्या उपकरणाचं काम. उपकरणाला इंग्रजी सांगितली असेल तर ‘के’ उमटतो. मराठीची इनस्क्रिप्ट मांडणी सांगितली असेल तर त्याच बटणावर ‘क’ येतो. बटणावर रंगवलेलं अक्षर ही नुसती पाटी आहे.

इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठी १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवलेली मांडणी. काने-मात्रे डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. ल जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ळ. क, त, र, च एका ओळीत उजव्या बोटांखाली. ती एकदा बोटांत बसली की पाटीची गरज उरत नाही. फक्त एक सावधगिरी: लॅपटॉपच्या विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट असते, पण फोनच्या काचेवर मराठी लिहिता येतं म्हणून बाहेरून जोडलेल्या कीबोर्डवरही येईलच असं नाही. फोन ती मांडणी देतो का, की त्यासाठी वेगळं अ‍ॅप लागतं, हे कीबोर्ड घेण्याआधी पाहावं. मी घेतल्यानंतर पाहिलं. नशीब, अ‍ॅपने काम झालं.

हे सगळं मी जेवताना सांगत होतो. अब्बा ऐकत होते. ते म्हणाले, “मतलब अंधेरे में टाइप करना सीखना है. उसमें क्या?”

अब्बांनी कचेरीसमोर टेबल टाकून पंचवीस वर्षं अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप केली. गोदरेजचं मराठी यंत्र होतं. गोदरेजने भारतात टाइपरायटर बनवायला १९५५ मध्ये सुरुवात केली आणि २००९ मध्ये थांबवली. अब्बांनी त्याच्या काही वर्षं आधीच टेबल उचललं होतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला, तेव्हाची आठवण ते नेहमी सांगतात. बोटांना ‘जिल्हा अकोला’ची इतकी सवय होती की कित्येक दिवस अर्जाच्या डोक्यावर अकोलाच पडायचं, आणि मग कार्बनच्या प्रत्येक प्रतीवर वेगळी दुरुस्ती करावी लागायची.

आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आहे, तरी बारीक अक्षर दिसत नाही. मी कीबोर्ड त्यांच्या पुढे ठेवला. त्यांनी हात ठेवले, एफ आणि जेवरचे उंचवटे चाचपले आणि टाइप केलं. पडद्यावर भलतंच काही उमटलं. बोटं टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीची, आणि लॅपटॉप इनस्क्रिप्टवर. रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबायची, जशी ती कागदावर दिसते. इनस्क्रिप्टमध्ये अक्षरानंतर, जशी ती बोलण्यात येते. मी रेमिंग्टनची मांडणी वेगळी घालून दिली. कीबोर्ड तोच, बटणं तीच. दुसऱ्या वेळी अब्बांच्या बोटांतून एक पूर्ण ओळ निघाली: मा. तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. त्यांनी दिवा लावलाच नव्हता.

मी विचारलं, “अब्बा, बिना देखे गलती नहीं होती थी?”

“होती थी ना. इसलिए नाम पढ़ के सुनाता था.”

मग त्यांनी सांगितलं. मजकूर कसाही असो, कागद यंत्रातून काढण्याआधी ते अर्जदाराला त्याचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवायचे. रहीमची वेलांटी पहिली की दुसरी, शेख की शेक. ज्याला वाचता येत नव्हतं त्यालाही ऐकवायचे, कारण आपलं नाव कानाला चुकीचं लागलं की माणूस लगेच मान हलवतो. आपल्याकडे एकाच माणसाचं नाव दाखल्यावर वेगळं, रेशनकार्डावर वेगळं, आधारवर तिसरंच. इंग्रजीत शेख लिहायच्याच तीन-चार तऱ्हा. यातली बहुतेक चूक त्या माणसाची नसते. कुणीतरी घाईत, न विचारता लिहिलेलं असतं. फेऱ्या मात्र त्याला पडतात. हल्ली कागद मागणारे वाढले आहेत आणि न जुळणाऱ्या एका अक्षराची धास्ती आपल्या घरांत जरा जास्तच असते, हे वेगळं सांगायला नको.

त्या संध्याकाळी लाइन गेली ही गोष्ट खरी. पण पडद्यावर उजेड होता. मी खालांना त्यांचं नाव वाचून दाखवलं असतं तर ‘बो’ ऐकून त्या हसल्या असत्या आणि अर्ज तिथेच दुरुस्त झाला असता. साडेतीन हजार वाया गेले असं म्हणत नाही. रात्री लिहायला तो कीबोर्ड फार चांगला आहे, बटणांचा आवाज नाही, कुणाची झोप मोडत नाही.

त्याची एक खोड मात्र सांगून ठेवतो. तीन उपकरणांचा कीबोर्ड घ्याल तर सध्या कोणतं उपकरण चालू आहे हे दाखवणारा वेगळा दिवा आहे का, ते पाहा. माझ्यात तो आहे, पण मी पाहिला नाही. खालांचा अर्ज पुन्हा भरायला बसलो तेव्हा त्यांचा आधार क्रमांक मी शांतपणे टाइप केला, आणि आतून मुलगी ओरडली, “अब्बू, मेरे टॅब पे क्या लिख रहे?” तिच्या विज्ञानाच्या वहीत बारा आकडे उमटले होते. ते आधी पुसायला लावले, मग पहिल्या जागेचं बटण दाबून लॅपटॉपवर आलो.

या वेळी लाइन होती. तरी शेवटी लॅपटॉप खालांकडे वळवला आणि नाव वाचलं, एकेक अक्षर, शेवटचं बी आणि आय दोनदा. त्यांना इंग्रजी येत नाही. त्या कान देऊन ऐकत होत्या. आतल्या खोलीतून अब्बा म्हणाले, “बाप का नाम भी पढ़.”

तेही वाचलं.