दरवाजातला ऐन

कोडं घालून विकायला काढलेल्या नाण्यांबद्दल माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं: ही टांकसाळींची दुकानदारी. ज्याने भाजी येत नाही की बसचं तिकीट येत नाही, जे डबीतून बाहेर काढायलाही जीव धजत नाही, त्याला नाणं कशाला म्हणायचं? 2022 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सिग्नल्स डायरेक्टरेटने, म्हणजे सांकेतिक संदेश फोडणाऱ्या तिथल्या गुप्तचर खात्याने, आपल्या पंचाहत्तरीला 50 सेंटचं एक नाणं काढलं. त्यावर सांकेतिक मजकुराचे चार थर होते आणि नग होते 50,000. टास्मानियातल्या एका चौदा वर्षांच्या मुलाने चारही थर जेमतेम तासाभराहून थोड्या जास्त वेळात उलगडले. घरातली पोरं या बातमीने खुळावली. मी म्हटलं, पोरखेळ आहे झालं.

हे म्हणणारी मी हैदराबादची, काचीगुड्यातल्या मराठी घरातली. आमच्याकडे निजामाच्या राज्यातले रुपये एका पितळी डब्यात पडून होते आणि त्यांच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं, जे आजी सांगायची: सात हाली, सहा कलदार. हाली म्हणजे निजामाचा शिक्का, कलदार म्हणजे इंग्रजांचा. हा हिशेब कुठून आला असेल, असा प्रश्न मला पडला नव्हता. खरं तर तो नाण्यातच होता. हाली रुपया 11.178 ग्रॅमचा, त्यात चांदी शेकडा 81.8. इंग्रजी रुपया 11.66 ग्रॅमचा, चांदी शेकडा 91.7. एकात शुद्ध चांदी सुमारे 9.1 ग्रॅम, दुसऱ्यात 10.7. भागाकार करून पाहा, सातास सहाच येतात.

माझं मत हललं ते चारमिनारजवळच्या जुन्या नाण्यांच्या एका दुकानात. गेले होते डब्यातले रुपये विकायला. म्हाताऱ्या दुकानदाराने रुपया हातात घेतला, भिंग पुढे केलं आणि म्हणाला, ‘‘पहले दरवाजा देखो अम्मा, दाम बाद में.’’

रुपयावर चारमिनार आहे हे शेंबडं पोरही सांगेल. पण मधल्या कमानीच्या दरवाजात फारसी लिपीतलं एक अक्षर बसलेलं असतं. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या चारमिनारी रुपयावर तिथे ‘मीम’ आहे. 1911 साली मीर उस्मान अली खान गादीवर आले आणि दरवाजात ‘ऐन’ आला, त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर. त्यातही गंमत अशी की सुरुवातीच्या रुपयांवर हा ऐन अर्धवट आहे, पुढच्यांवर पूर्ण. गोळा करणारे लोक या अर्ध्या-पुऱ्या ऐनावरून तासन् तास भांडतात.

त्याच बाजूला 92 हा आकडा. मी तो साल समजत होते. तो अबजद हिशेब आहे, प्रत्येक अक्षराला ठरलेली किंमत: मीम 40, हे 8, मीम 40, दाल 4. बेरीज 92, म्हणजे मुहम्मद. मागच्या बाजूला टांकसाळीचं नाव, फर्खुंदा बुनियाद हैदराबाद, आणि निजामाच्या कारकिर्दीचं वर्ष. साल हिजरी. आमच्याकडे शेतसाऱ्याच्या कागदावर फसली साल असे आणि त्यात 590 मिळवले की इसवी सन, हे मराठवाड्यातला जुना पटवारी झोपेतही सांगेल. हिजरीला असा एकच आकडा पुरत नाही. तिथलं वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान, आणि ते भरून काढायला आपल्यासारखा अधिक महिना नाही. पंचांग घेऊन बसावं लागतं.

मी बसले. रुपये विकायचे राहून गेले ते गेलेच.

हैदराबादेत नाण्याचा शोध म्हटलं की लोकांना दुसरंच आठवतं: जहांगीराने 1613 मध्ये पाडलेली हजार मोहरांची मोहर, जवळजवळ 12 किलो सोन्याची. ती निजाम घराण्यात आली, शेवटी त्याच घराण्यातल्या मुकर्रम जाह यांच्याकडे होती, 1987 मध्ये जिनिव्हाच्या लिलावात तिचं नाव निघालं, सीबीआय मागे लागली, आणि पत्ता नाही तो नाहीच. सांगायला झकास गोष्ट आहे. मला मात्र त्या शोधात रस वाटेनासा झाला. हरवलेली वस्तू पोलिसांनी शोधावी. मला छळत होतं ते वेगळंच: आजीने ज्या रुपयांवर संसार केला, ते तिला कधी वाचता आले नाहीत.

तिलाच का? निजामाच्या राज्यात बहुसंख्य लोक तेलुगू, मराठी, कन्नड बोलणारे होते. चांदीच्या रुपयावर निदान चारमिनारचं चित्र तरी होतं. तांब्याच्या पैशावर होता तुघरा, म्हणजे अक्षरांची वेलबुट्टीसारखी गुंतवळ, जी फारसी शिकलेल्यालाही सहज सुटत नसे. ज्याच्या हातात फक्त तांबं पडायचं, त्याला चित्रही नाही. 1918 च्या चलन कायद्यानंतर निजामाने नोटा काढल्या, त्यांवर किंमत मराठी, तेलुगू, कन्नडमध्येही छापली. म्हणजे हे सुचत नव्हतं असं नाही. पण नोट पेठेत चालायची, खेड्यात पैसाच चालायचा.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या नाण्याला नाक मुरडणं मला जमेना. ते तोंडावर सांगतं की मी कोडं आहे, ये, सोडव; चौदा वर्षांच्या पोरालाही तो मान देतं. आमच्या रुपयाने कुणाला बोलावलं नव्हतं. तो वाचता न येणारे लोक त्याच्या जमेतच नव्हते, तरी सात-सहाचा हिशेब त्यांनी बिनचूक सांभाळला, 1950 च्या दशकात हाली शिक्का बाद होईपर्यंत.

सैफाबादच्या जुन्या टांकसाळीत 2022 पासून संग्रहालय आहे. पोरांना घेऊन गेले होते. आजच्या हैदराबादी नाण्यावर सालाखाली चांदणी असते, मुंबईच्या नाण्यावर चौकट, नोएडाच्या नाण्यावर ठिपका, कोलकात्याच्या नाण्यावर काहीच नाही, हे कळल्यावर परतताना रिक्षावाल्याने दिलेली सुटी नाणी त्यांनी मला पर्समध्ये टाकू दिली नाहीत.

एक आक्षेप मात्र राहिलाच आहे. ते 50 सेंटचं नाणं साडेबारा डॉलरला विकलं, हे मला अजूनही पटत नाही. यावर धाकटा मला विचारतो की मीमवाला रुपया घेताना तू त्या दुकानदाराशी घासाघीस तरी केली होतीस का.