कोर्टाच्या कागदावरचे परके शब्द

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वाडवडील सांगत आले. पण बांध, पाट, वहिवाट आणि वाटणी ज्याच्या मागे आहे, त्याला ती पायरी कधी ना कधी चढावीच लागते. मग हाती असा कागद येतो, की त्यातले मराठी समजते, पण मधलाच एखादा शब्द घशात काटा अडकावा तसा अडतो. कॅव्हेट, एक्स पार्टी, स्टेटस को. हे शब्द मुळात लॅटिन, म्हणजे जुन्या रोमन लोकांच्या भाषेतले. इंग्रजांच्या कायद्याबरोबर ते आपल्याकडे आले आणि राहिले.

माझी लॅटिनशी ओळख कायद्यामुळे नव्हे, पिकांमुळे झाली. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात आम्ही नावे घोकत असू. भात म्हणजे ओरायझा सटायव्हा, लसूण म्हणजे ॲलियम सटायव्हम, वाटाणा म्हणजे पायसम सटायव्हम. पुढे कळले, की सटायव्हा म्हणजे लागवडीचे, पेरलेले. एवढे कळले आणि त्या नावांचा धाक गेला.

हे महाविद्यालय शिवाजीनगरात, आणि जिल्हा न्यायालयही शिवाजीनगरातच. तारखेला आलेले शेतकरी आमच्याकडे बियाण्याची चौकशी करायला येतात आणि जाता जाता पिशवीतून कागद काढतात. "साहेब, एवढं काय लिहिलंय बघा."

काही वर्षांपूर्वी हवेली तालुक्यातल्या एक विधवा बाई अशाच आल्या. चुलत दीर त्यांच्या बांधालगत विहीर खोदायला निघाले होते. बाई कोर्टातून मनाई आणतील, या धास्तीने दिरांनी आधीच कॅव्हेट दाखल केले होते. त्याची नोटीस पोस्टाने घरी आली. गावात कोणीतरी सांगितले, "कोर्टाचा निकाल तुमच्या विरुद्ध लागला." घरात दोन दिवस चूल धड पेटली नाही. दहा गुंठे सोडून द्यायच्या तडजोडीवर अंगठा उठवायचा, एवढेच उरले होते.

मी म्हटले, "वहिनी, हा निकाल नव्हे. यात अजून दावासुद्धा नाही."

कॅव्हेट म्हणजे 'त्याने सावध असावे'. दिवाणी प्रक्रिया संहितेत १९७६ च्या दुरुस्तीने कलम १४८-अ आले. त्याचा अर्थ एवढाच, की कोणी माझ्याविरुद्ध अर्ज केला, तर मला कळवल्याशिवाय आणि माझे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये. ही सूचना ९० दिवस चालते. म्हणजे बाईंची कोर्टाची वाट बंद झालेली नव्हती. ज्या शब्दाला त्या मनाई समजल्या, तो उलट सांगत होता, की वाट मोकळी आहे, फक्त दुसऱ्याचेही ऐकले जाईल. बाईंनी वकील गाठला, आणि अंगठा उठला नाही.

दुसरा शब्द एक्स पार्टी. 'एका बाजूकडून', म्हणजे आपल्या भाषेत एकतर्फी. समन्स घेतले नाही, बेलिफाला पाहून दार लावून घेतले, म्हणून दावा थांबत नाही. तो एकतर्फी चालतो. तसा हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून मागायला साधारणपणे ३० दिवसांची मुदत असते आणि गैरहजेरीचे सबळ कारण दाखवावे लागते.

तिसरा स्टेटस को, म्हणजे 'जैसे थे'. हा हुकूम असताना वादाच्या बांधावर नांगर घालू नये. हुकूम मोडला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते, दिवाणी कैदही होऊ शकते.

कॅव्हेटचा एक भाऊ बाजारात भेटतो. कॅव्हेट एम्प्टॉर, म्हणजे घेणाऱ्याने सावध असावे. माल पारखून घ्या, मागाहून रडू नका, असा हा जुना दंडक. पण बियाणे डोळ्यांनी किती पारखणार? उगवण काही पिशवीवर हात फिरवून कळत नाही. म्हणून २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सदोष बियाण्याने नुकसान झालेला शेतकरी हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक संरक्षण कायद्याखाली दाद मागू शकतो. मात्र पुरावा हवा. पावती, पिशवी, तिच्यावरचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा.

शेतकरी बंधूभगिनींनो, वकील, दावा, फिर्याद हे शब्दही एकेकाळी अरबी-फारसीतून आले आणि आज घरचे झाले. परका शब्द वाईट नसतो, न विचारलेला शब्द नडतो. कागद येईल त्याच दिवशी त्याचा अर्थ विचारा, कारण मुदत थांबून राहत नाही. पाकिटावरची तारीख जपा, पाकीट फेकू नका. वकिलाची ऐपत नसेल, तर जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला त्याची समिती असते. १९८७ च्या कायद्याने स्त्रियांना तेथे उत्पन्न न पाहता मोफत मदत मिळते. आणि अर्थ कळेपर्यंत कोणत्याही कागदावर सही करू नका, अंगठा उठवू नका.