जंबेरीचा खुंट

मोहर्लीसारख्या गांवीं संत्र्याचें झाड लावणें हें धाडसच म्हटलें पाहिजे. संत्र्याचा मुलूख म्हणजे काटोल, वरुड, मोर्शीकडचा. आमचा चंद्रपूर जिल्हा भाताचा, सागाचा आणि मोहाचा. त्यांतून मोहर्ली तर ताडोबाच्या अरण्याचें दारच. उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो, पावसाळ्यांत काळी जमीन आठ आठ दिवस चिखल धरून बसते, आणि या दोहोंतून जें वांचेल त्याचा समाचार वानरें घेतात. तरीहि मामंजींनीं परसांत एक कलम लावलें, आणि त्यानें कित्येक वर्षें घरापुरतीं फळें दिलीं. मामंजी गेल्यानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यांत त्याच्या बुंध्यांतून डिंक वाहूं लागला, पानें पिवळीं पडलीं, आणि दिवाळीपर्यंत वरचा सारा भाग वाळून गेला.

या रोगास बागाईतदार डिंक्या असेंच म्हणतात. ओल्या मातींत वाढणारा बुरशीसारखा एक सूक्ष्म जीव तो आणतो. बुंध्याशीं पाणी सांचूं देऊं नये, आळें दुहेरी करून आंतलें कोरडें ठेवावें, बुंध्यास मोरचूद व चुना यांचें बोर्डो मलम लावावें, हे त्यावरचे उपाय. आम्हीं ते सर्व केले होते. त्या वर्षींचा पाऊसच वरचढ ठरला.

माघांत मात्र एक नवल दिसलें. कलमाच्या जोडाखालून टवटवीत धुमारे फुटले. पानें संत्र्याहून मोठीं आणि जागोजाग कांटे. ती जंबेरी होती. आपल्याकडील संत्र्याचीं कलमें बहुधा जंबेरीच्या खुंटावर डोळा भरूनच करतात. वरचें संत्रें मेलें कीं इतकीं वर्षें मुकाट्यानें त्यास पोसणारा खुंट आपलें स्वतःचें डोकें वर काढतो.

तेव्हां आमच्याकडे आत्याबाई आलेल्या होत्या. झाडापाशीं उभ्या राहून त्या सासूबाईंना म्हणाल्या, “वहिनी, दादानें लावलें तें संत्रें गेलें. हें कसलें संकराचें कांटेरी! मुळासकट काढून टाका.” सासूबाई कांहींच बोलल्या नाहींत, दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यांनीं नेहमींप्रमाणें झाडाला पाणी घातलें.

“संकर” हा शब्द आपल्या घरांतून गीतेच्या पहिल्या अध्यायापासूनच बदनाम झालेला आहे. म्हणून आम्हीं त्याचा थोडा शोध घेतला, आणि जें हातीं आलें तें वाचकांसहि रंजक वाटेल. आत्याबाईंचें म्हणणें एका अर्थीं खरें. जंबेरी हा महाळुंग आणि संत्रें यांचा संकर आहे. परंतु मग शुद्ध कोण? मोसंबें हें पपनस आणि संत्रें यांच्या संकरांतून झालें. आपण रोज वरणावर पिळतों त्या कागदी लिंबाचा बाप महाळुंग, आणि आई फिलिपाईन्स बेटांकडील एक रानटी जात. नुसतें संत्रें म्हणून जें आपण खातों, त्याच्याहि बहुतेक जातींत पपनसाचा अंश मिसळलेला आहे. २०१८ सालीं शास्त्रज्ञांनीं या साऱ्या कुळाच्या आनुवंशिक द्रव्याची वाचणी केली, तीवरून हें स्पष्ट झालें. मूळचीं आणि निर्भेळ अशीं फळें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीं. त्यांत महाळुंग एक. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातांत जें फळ आहे तें हेंच. गंमत अशी कीं, या सोयरिकींत महाळुंग बहुधा बापाच्याच नात्यानें आढळतो.

खुंटासाठीं जंबेरीच कां, याचेंहि कारण मोठें मौजेचें आहे. जंबेरीच्या एकाच बीजांत अनेक अंकुर असतात, आणि त्यांतील बहुतेक परागाच्या संबंधावांचून केवळ आईच्या पेशींपासून झालेले असतात. त्यामुळें रोपें आईसारखीं हुबेहूब निघतात, आणि शंभर कलमांना शंभर सारखे खुंट मिळतात. संत्र्याच्या बीजाचेंहि तेंच. म्हणूनच नवा संकर घडवूं पाहणाऱ्याची त्यांत फार पंचाईत होते, कारण आईचे हे अंकुर संकराच्या कोंवळ्या अंकुरास दडपून टाकतात. अमेरिकेंत रिव्हरसाईड येथें फ्रॉस्ट यांनीं १९१५ सालीं किंग आणि विलोलीफ या दोन संत्र्यांचा संकर केला. त्यांतील निवडक झाड “किन्नो” या नांवानें बाहेर पडावयास १९३५ साल उजाडलें. आज पंजाबच्या बागा त्याच फळानें भरलेल्या असतात. चवीच्या बाबतींत आम्ही नागपुरीचेच पक्षपाती आहों, ही गोष्ट वेगळी.

पुढें काटोलकडील एक बागाईतदार स्नेही आले. त्यांनीं बुंधा नखानें खरवडून पाहिला आणि म्हणाले, “बाई, खुंट जित्ता हाये, तंवर झाड मेलं म्हणू नोका.” मेलेला भाग त्यांनीं करवतीनें काढविला, कापावर मलम लावलें, आणि दोनच धुमारे राखून बाकीचे खुडून टाकले. पुढच्या हिंवाळ्यांत नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या निरोगी कलमापासून वाढविलेल्या आपल्या झाडाचा डोळा आणून त्यांनीं एका धुमाऱ्यावर भरला, आणि तोहि जमिनीपासून चांगला वीतभर उंच, म्हणजे चिखल जोडापर्यंत पोंचूं नये.

दुसऱ्या धुमाऱ्यास यथाकाल जंबेऱ्या लागल्या. खडबडीत, बियांनीं भरलेल्या, पण रसाला उदार. वानरांनीं दोन-चार चाखून फेंकून दिल्या. सासूबाईंनीं त्यांचें लोणचें घातलें तें असें: किलोभर फोडींतील बिया काढून टाकाव्या, नाहींतर कडवटपणा उतरतो, पाव किलो सैंधव लावून चिनी बरणींत साल मऊ होईपर्यंत रोज उन्हांत ठेवावें, मग अर्धा किलो गूळ आणि बेताचें तिखट. उपासास चालावें म्हणून हिंग-मोहरी नाहीं. उरलेल्या सालींनीं देवांचीं पितळी उपकरणीं लख्ख निघतात.

गेल्या चैत्रांत आत्याबाई पुन्हां आल्या होत्या. लोणच्याची दुसरी फोड त्यांनीं आपण होऊन वाढून घेतली. झाडाविषयीं बोलल्या नाहींत. भरलेल्या डोळ्याची फांदी आतां कमरेएवढी झाली आहे. ती जोरानें वाढावी म्हणून जंबेरीची फांदी आतां काढा, असा त्या स्नेह्यांचा निरोप दोनदां आला. शास्त्राच्या दृष्टीनें तें बरोबर आहे. सासूबाई मात्र अजून करवत देत नाहींत.