सहलीत एकच शिल्प

सातारा जिल्ह्यातल्या शाळेची सहल औंधला गेली की कार्यक्रम ठरलेला असतो: यमाईचं दर्शन, डबे आणि डोंगरावरच्या श्री भवानी संग्रहालयातून रांगेनं एक फेरी. ‘हात लावू नका, पुढं चला’ एवढंच मुलांच्या कानावर पडतं. पाट्यांवरची नावं वहीत उतरली की गुरुजीही सुटले. मी चित्रकला शिकवतो. अशा फेरीतून काही शिकून होत नाही, हे माझं स्पष्ट मत.

औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. रामायणावरची चित्रं त्यांनी स्वतः काढली आणि १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारलं. इथं रविवर्मा आहेत, आणि त्याच छपराखाली हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’. खटाव तालुक्यातल्या पोरांना मूर बघायला विलायतेला जावं लागत नाही, ही चैनच म्हणायची.

मी वर्ग थेट मूरपाशी नेतो आणि खाली बसवतो. बाकीची दालनं राहिली तर राहू देत. प्रश्न तीनच: यात काय चाललंय? कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतं? ही पद्धत न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात काम केलेले फिलिप येनवाइन आणि मानसशास्त्रज्ञ अ‍ॅबिगेल हाउसन यांची. औंधच्या डोंगरावरही ती बिनतक्रार चालते. तिचं सगळं बळ दुसऱ्या प्रश्नात आहे. ‘आई दमलीया’ असं कुणी म्हणालं की त्याला उठून, बोट दाखवून सांगावं लागतं. तोवर मागच्या रांगेतून कुणीतरी ते खोडून काढतं: ‘दमली न्हाई, घाबरलीया.’ आता हिलाही तोच प्रश्न. मी फक्त ज्याचं त्याचं म्हणणं जरा नीट करून परत मांडतो. बरोबर-चूक म्हणत नाही. हे गप्प राहणं फार जड जातं; आम्हा मास्तरांना उत्तर सांगायची खोड असते.

वर्गात परतल्यावर हा ‘कशावरून’ मराठीच्या तासालाही उपयोगी पडतो. धड्यातलं पात्र लबाड आहे म्हणायचं, तर ओळ दाखवावी लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांच्या दारात जाते. उत्तम उपक्रम आहे. पण खेड्यातल्या शिक्षकाची गरज याहून साधी: सहलीच्या आठ दिवस आधी वर्गात लावायला एका कलाकृतीचं मोठं छायाचित्र, आणि संग्रहालयातल्या जाणकारासोबत निवांत तासभर. कुठल्याही संग्रहालयाला हे परवडेल.

तोवर शिक्षकांनी एक करावं. सहल ठरवण्याआधी एकट्यानं जावं, एकच कलाकृती निवडावी आणि तिच्यासमोर अर्धा तास बसावं. सुट्टीचा वार मात्र आधी विचारून घ्या.